रिकामे करंडे

कोकणातल्या देवळाच्या आवारात एखादा तरी देवचाफा असतोच. पानगळ झाली की नुसत्या जाड, गाठाळ फांद्या उरतात आणि त्यांच्या टोकांना पांढऱ्या-पिवळ्या फुलांचे गुच्छ लागतात. वनस्पतिशास्त्राच्या पुस्तकात या झाडाचं नाव प्लुमेरिया. ते पडलं शार्ल प्ल्युमिए (१६४६–१७०४) या फ्रेंच संन्याशावरून. प्ल्युमिए हा चौदाव्या लुईचा वनस्पतिशास्त्रज्ञ. कॅरिबियन बेटांवर तीनदा जाऊन त्याने तिथल्या झाडाझुडपांची चित्रं काढून आणली. पण १७०१ साली ल्यों शहरात त्याचं जे दांडगं पुस्तक छापून निघालं, त्यातली झाडं तोडलेली, सुकवलेली आणि चरकावर चढवलेली होती. कातकामावरचं, म्हणजे फिरत्या लाकडाला हत्यार लावून आकार देण्यावरचं, सांगोपांग म्हणावं असं ते पहिलं छापील पुस्तक.

मजकूर लॅटिन आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषांत आणि सोबत मोठमोठी ताम्रपट चित्रं. ज्याचं पोट कातकामावर चालायचं त्या कारागिराला यातली एक भाषा वाचता आली असती तरी पुष्कळ. पुस्तक विकत घेणं तर दूरच. मग हा खटाटोप कोणासाठी होता? ज्यांना कातकाम करायची काडीइतकी गरज नव्हती त्यांच्यासाठी. रशियाचा झार पीटर याने पुस्तकाचं रशियन भाषांतर करवून घेतलं, आणि ते नुसतं कपाटात ठेवायला नव्हे. सेंट पीटर्सबर्गच्या त्याच्या उन्हाळी महालात कातकामाची खास खोली होती आणि झारसाहेब स्वतः बाह्या सरसावून चरकापाशी उभे राहत.

युरोपात या छंदाला साडेचारशे वर्षांहून मोठा इतिहास आहे. त्याची खूण एकच वस्तू सांगते: झाकण असलेलं, सुबक कातलेलं आणि आतून रिकामं भांडं.

पोटासाठीचं कातकाम त्याहून फार जुनं. इजिप्तमध्ये पेटोसिरिस नावाच्या पुरोहिताच्या थडग्यात, इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमाराच्या शिल्पपटात दोन माणसं दिसतात. एक जण पट्टा ओढून लाकूड फिरवतो आहे आणि दुसरा त्याला हत्यार लावून बसला आहे. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात कॉपरगेट नावाचा एक रस्ता आहे. या नावाचा तांब्याशी काही संबंध नाही. व्हायकिंगांच्या भाषेत पेले कातणाऱ्याला कोप्परी म्हणत आणि रस्त्याला गाटा. आपल्याकडे जशी तांबट आळी, तशी ही पेलेवाल्यांची आळी. १९७०च्या दशकात तिथे उत्खनन झालं तेव्हा लाकडी वाडगे सापडलेच, पण त्याहून बोलका पुरावा निघाला तो वाडग्यांच्या पोटातून कापून टाकलेल्या शंकूसारख्या गाभ्यांचा. हजार वर्षांपूर्वीचा हा कारखान्याचा कचरा.

त्या काळातला चरक ओबडधोबड पण बुद्धीचा. वर एक लवचिक बांबूसारखी काठी, तिला दोरी, दोरीचा वेढा लाकडाला आणि दोरीचं खालचं टोक पायाखालच्या फळीला. फळी दाबली की लाकूड कारागिराकडे फिरतं. पाय उचलला की काठी दोरी वर खेचते आणि लाकूड उलटं फिरतं. हत्यार चालतं ते फक्त पाय दाबल्यावर, म्हणजे निम्मा वेळ चरक नुसताच परत येत असतो. अशा यंत्रावर युरोपभर लोकांची रोजची ताटं-वाडगे तयार झाले. आठव्या हेन्रीचं ‘मेरी रोझ’ हे आरमारातलं नावाजलेलं जहाज १५४५ साली बुडालं. ते वर काढलं तेव्हा खलाशांची लाकडी भांडीही चिखलातून निघाली. लंडनच्या काताऱ्यांच्या श्रेणीला पहिल्या जेम्स राजाने १६०४ मध्ये सनद दिली. टर्नर हे इंग्रजी आडनाव याच धंद्यातून आलं, मराठीत कातारी आलं तसं.

या धंद्याचा शेवटचा शिलेदार म्हणून इंग्रज ज्याचं नाव घेतात तो जॉर्ज लेली. बर्कशर परगण्यात बकलबरीच्या माळावर झोपडीवजा कारखान्यात तो एल्मच्या लाकडाचे वाडगे कातत असे. वाकडं पातं आत घालून तो एकाच ओंडक्यातून एकात एक बसणारे कितीतरी वाडगे सोडवून काढी. कॉपरगेटच्या कारागिरासारखा गाभा फेकून देत नसे. १९५८ साली तो वारला. त्याचा चरक आता रेडिंगच्या ग्रामजीवन संग्रहालयात आहे.

लेलीच्या आणि त्याच्या पूर्वजांच्या मालात झाकणाची भांडी मात्र दुर्मीळ. त्याचं कारण लाकडाच्या स्वभावात आहे.

ओलं लाकूड कातायला लोण्यासारखं मऊ, म्हणून पोटार्थी कारागीर ते ओलंच कातायचा. पण लाकूड वाळताना सगळीकडून सारखं आकसत नाही. खोडाच्या वर्तुळांच्या दिशेने ते जितकं आकसतं, त्याच्या साधारण निम्मंच ते गाभ्यापासून सालीकडच्या दिशेने आकसतं. त्यामुळे आज गोल कातलेला वाडगा महिन्याभरात किंचित लंबगोल होतो. आमटी पिणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. पण त्याच वाडग्यावर झाकण असेल तर? दोन वर्तुळं एकमेकांत बसवली होती; आता दोन लंबगोल आहेत, आणि झाकण एका विशिष्ट कोनात धरलं तरच बसतं, नाहीतर डुगडुगतं. चांगलं झाकण हवं असेल तर लाकूड आधी ओबडधोबड कातायचं, भिंती जाड ठेवायच्या, महिनोन् महिने सावलीत वाळू द्यायचं आणि मग पुन्हा चरकावर चढवून अंतिम आकार द्यायचा. म्हणजे एका वस्तूचं काम दोनदा आणि मध्ये लांबलचक थांबणं. डझनावर वाडगे विकणाऱ्याला हे परवडणारं नव्हतं. थांबणं परवडायचं ते राजांना.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मन राजवाड्यांत कातकामाची लाट आली. सॅक्सनीचा इलेक्टर ऑगस्ट याने ड्रेस्डेनमध्ये गेऑर्ग वेकर आणि एगिडिउस लोबेनिक यांच्यासारखे उस्ताद पदरी ठेवले आणि स्वतःही त्यांच्याकडे शिकला. माध्यम बहुधा हस्तिदंत. ते लाकडाइतकं वाळून वाकडं होत नाही. एकावर एक रचलेले गोळे, घनाकृती, लवणारे खांब आणि वर टोकदार झाकण, असे पेले या दरबारांतून निघाले. त्यांतून कोणी कधी काही प्यायलं असेल असं वाटत नाही. तोंडाला लावताच मोडतील इतके ते नाजूक. राजपुत्राला भूमिती यावी, हाताला शिस्त लागावी, आणि निराकार गोळ्यातून आकार काढणारा हात राज्यालाही आकार देईल, अशी त्यामागची भावना होती. शिकार आणि युद्धकलेच्या जोडीला राजकुमाराच्या शिक्षणात चरक आला.

या रिकाम्या भांड्यांना केवढी किंमत होती हे एका लुटीवरून कळतं. कोबुर्गचा ड्यूक योहान काझिमिर याच्या पदरचे मार्कुस हायडेन आणि योहान आयसेनबर्ग हे दोघे १६१८ ते १६३१ या काळात हस्तिदंती कलश कातत होते. बाहेर तीस वर्षांचं युद्ध पेटलेलं. १६३२ साली बादशाही फौजांनी कोबुर्ग लुटलं, तेव्हा त्या फौजेतल्या मात्तिआस द मेदिची या फ्लोरेन्सच्या राजपुत्राने हे कलश उचलले. आजही ते फ्लोरेन्सच्या पित्ती राजवाड्यात आहेत.

पीटरच्या महालात छंदाने वेगळंच वळण घेतलं. त्याचा चरकउस्ताद आंद्रेई नार्तोव (१६९३–१७५६) हा नुसता कारागीर नव्हता. त्याने नक्कल करणारे चरक बांधले: एका बाजूला नमुना फिरतो आणि दुसऱ्या बाजूला त्याच्या बरहुकूम हस्तिदंतावर नक्षी उमटते. हत्यार हातात धरायचं नाही. ते धातूच्या सरकत्या बैठकीत पक्कं बसवायचं आणि दातेरी चक्रांनी पुढे न्यायचं. पुढे इंग्लंडच्या कारखान्यांत यंत्रं घडवणारी यंत्रं याच सरकत्या बैठकीवर उभी राहिली. तिथे ती हेन्री मॉड्स्ले याने स्वतंत्रपणे, अठराव्या शतकाच्या अखेरीस रूढ केली. नार्तोवची मात्र त्याआधी काही दशकं झारसाठी डब्या आणि पदकं कातत होती. त्याने बांधलेला एक चरक पॅरिसच्या तंत्रसंग्रहालयात आहे; बाकीचे सेंट पीटर्सबर्गच्या हर्मिटाजमध्ये. पीटरने स्वतः कातलेलं हस्तिदंती झुंबरही तिथेच आहे.

मॉड्स्लेच्याच लंडनमध्ये हा छंद दरबारातून उतरून दिवाणखान्यात आला. स्ट्रासबुर्गहून आलेल्या जॉन जेकब होल्ट्झाप्फेल या कारागिराने १७९४ साली तिथे दुकान थाटलं. त्याचे चरक म्हणजे महोगनीच्या चौकटीत बसवलेलं पितळ आणि पोलाद, प्रत्येकाला अनुक्रमांक आणि सोबत हत्यारांचे खण. शंभराहून अधिक वर्षांत या घराण्याने अडीच हजारांच्या आसपास चरक विकले. गिऱ्हाईक कोण? उमराव, जमीनदार, धर्मगुरू, निवृत्त लष्करी अधिकारी. धंदा म्हणून कातकाम करणारा यांत सापडणं कठीण.

या चरकाची गंमत त्याच्या थांबण्यात होती. साधा चरक लाकूड फिरवतो. इथे लाकूड थांबतं आणि हत्यार गरगर फिरतं. चरकाच्या चाकाच्या तोंडावर भोकांची वर्तुळं असतात: ३६०, १९२, १४४, १२०, ११२, ९६. एका भोकात खुंटी अडकवायची, फिरत्या हत्याराने एक खाच पाडायची, खुंटी काढून पुढच्या ठरलेल्या भोकात घालायची, पुन्हा खाच. मोजणी एकदा चुकली की शेवटची पाकळी अर्धीच येते आणि आठवड्याचं काम वाया जातं. लाकूडही तसंच घट्ट लागतं, कारण भरड रेषेच्या लाकडात ही बारीक नक्षी तुटते. म्हणून आफ्रिकेचं काळं लाकूड, बॉक्सवुड आणि हस्तिदंत. या शेवटच्या मालाचा एक मार्ग मुंबईवरून जात होता: एकोणिसाव्या शतकात झांझिबारचं हस्तिदंत जहाजांनी मुंबई बंदरात येई आणि तिथून त्यातला मोठा वाटा लंडनला रवाना होई. लंडनच्या दिवाणखान्यातल्या पावडरीच्या डबीवरच्या पाकळ्या मोजताना एखाद्या उमरावाला हे ठाऊक असेलच असं नाही.

होल्ट्झाप्फेल घराण्याने छंदिष्टांसाठी ग्रंथही लिहिला. मुलगा चार्ल्स याने १८४३ साली पहिला खंड काढला. त्यात निव्वळ लाकूड, शिंगं, हस्तिदंत अशा मालाची माहिती. पाचवा खंड नातवाने १८८४ मध्ये पुरा केला आणि तो सगळा नक्षीच्या कातकामाला वाहिलेला. एक्केचाळीस वर्षं आणि दोन पिढ्या एकच ग्रंथ चालला होता. पुरुषांच्याच या जगात लेडी गर्ट्रूड क्रॉफर्ड हिच्यासारखी बाईही होती: कातकामात नाव कमावलेली, आणि १९१८ साली इंग्लंडच्या हवाई दलाच्या महिला शाखेची पहिली प्रमुख.

पहिल्या महायुद्धाने दिवाणखाने रिकामे केले. नोकरचाकर, फुरसत आणि पितळी चरक तिन्ही एकदमच ओसरले. पुष्कळ होल्ट्झाप्फेल चरक भंगारात गेले. उरलेले जपणाऱ्यांनी १९४८ साली लंडनमध्ये नक्षीकातकामाची संस्था काढली. पण छंदाला पुन्हा पालवी फुटली ती दुसऱ्या मुळावर.

अमेरिकेत बॉब स्टॉक्सडेल (१९१३–२००३) या तरुणाने दुसऱ्या महायुद्धात शस्त्र धरायला नकार दिला. अशा मंडळींना सरकारने कामाच्या छावण्यांत ठेवलं होतं आणि तिथेच त्याने चरकावर वाडगे कातायला सुरुवात केली. पुढे बर्कलीत राहून त्याने आयुष्यभर देशोदेशीच्या लाकडांचे पातळ कडांचे वाडगे कातले. शिकागोकडे जेम्स प्रेस्तिनी या अभियंत्याचे वाडगे न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने घेतले. लाकडी वाडगा टेबलावरून उठून काचेच्या कपाटात जाऊन बसला. मग विजेच्या मोटारीचे स्वस्त चरक आले आणि छंद गॅरेजमध्ये शिरला. १९७१ साली इंग्लंडमध्ये पीटर चाइल्डचं, १९७५ साली अमेरिकेत डेल निशचं पुस्तक आलं. १९७६ पासून पेन्सिल्व्हेनियात अल्बर्ट लेकॉफ आणि सहकाऱ्यांनी कातकामाची संमेलनं भरवली. १९८६ साली अमेरिकी संघटना उभी राहिली, पाठोपाठ ब्रिटनमध्येही झाली. सभासद बहुतेक निवृत्त: शिक्षक, दंतवैद्य, अभियंते. होल्ट्झाप्फेलच्या गिऱ्हाइकांसारखीच यांच्याकडे एक गोष्ट मुबलक होती. वेळ.

आणि वेळ असला की झाकण येतंच. इंग्लंडमध्ये कातकाम सुरू करून पुढे ऑस्ट्रेलियात स्थायिक झालेला रिचर्ड रॅफन हा डब्यांचा मास्तर मानला जातो. डबीची रीत अशी: एकाच लाकडाचे दोन तुकडे करायचे, वरचा झाकणाला आणि खालचा बुडाला, म्हणजे रेषा वरून खाली अखंड उतरतात. आधी झाकणाची आतली बाजू कातायची. मग बुडाला गळा कातायचा, इतका घट्ट की झाकण त्यावर दाबून बसेल. ते तसंच घट्ट असताना दोन्ही तुकडे एकत्र फिरवून बाहेरून एकसारखे करायचे. सगळ्यात शेवटी गळ्यावरून केसभर लाकूड काढायचं. केसभर जास्त गेलं की झाकण सैल पडतं, कमी गेलं की दोन्ही हातांनी ओढाओढ करावी लागते. बरोबर जमलं तर झाकण सोडताच ते आतल्या हवेवर तरंगत सावकाश खाली बसतं आणि उचलताना हलका ‘फट’ आवाज येतो. जर्मनीचा हान्स वाइसफ्लोग याच डबीला दोन्ही बाजूंनी अर्धवट खाचा पाडून जाळी करतो. दोन खाचा जिथे छेदतात तिथेच आरपार भोक पडतं. त्या डबीत काही ठेवलं तर ते जाळीतून दिसेल, सांडेलही. तरीही झाकण अचूक बसतं.

आपल्याकडे मात्र झाकण गरजेतूनच आलं. कोकणातल्या ओल्या हवेत पिंजर कोरडी राहायला हवी, मेणाच्या डबीत धूळ जायला नको. म्हणून कुंकवाचा करंडा. सावंतवाडीला तिसरे खेमसावंत (कारकीर्द १७५५–१८०३) यांच्या आश्रयाने चितारी मंडळींची कला बहरली. गंजिफांची पानं आणि लाखेची रंगीत लाकडी कामं इथली ओळख बनली. लाखकामात चरकाचा वेग हाच चुलीचं काम करतो: फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने ती वितळून पसरते, आणि वरून केवड्याचं पान दाबून धरलं की चकाकी येते. देशभरच्या लाखकाम करणाऱ्यांत ही रीत सापडते. मऊ लाकूड, झटपट काम, रोजच्या वापराची वस्तू, असा हा हिशेब. विसाव्या शतकात मागणी आटली तेव्हा शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी राजवाड्यातच कारागीर बसवून ही कामं पुन्हा सुरू केली. आज तिथून करंडा घेणारे पुष्कळ जण त्यात कुंकू भरत नाहीत. तो शोकेसमध्ये जातो, रिकामाच.

झाकणाच्या कातीव भांड्यांचा सगळ्यात मोठा साठा मात्र ना कोबुर्गच्या कलशांत आहे ना लंडनच्या डब्यांत. जपानची सम्राज्ञी शोतोकू हिने एक बंड मोडून काढल्यावर नवस फेडायला दहा लाख छोटे लाकडी मनोरे करवून घेतले. हे काम ७६४ ते ७७० या काळात झालं. प्रत्येक मनोरा चरकावर कातलेला, कळसासह वीतभर उंच. मनोऱ्याच्या पोटात पोकळी आणि कळस हेच तिचं झाकण. आत छापील बौद्ध मंत्राची गुंडाळी, जगात आज उरलेल्या अगदी जुन्या छापील कागदांपैकी. दहा देवळांना प्रत्येकी एक लाख मनोरे वाटले गेले. त्यांतले होर्यू-जी देवळातले चाळीस हजारांहून अधिक टिकले.

आजचा छंदिष्ट डबी पुरी झाली की ती उलटी करून बुडाला आपलं नाव, लाकडाचं नाव आणि साल लिहितो. होर्यू-जीचे मनोरे तपासताना अभ्यासकांनी तेही उलटे करून पाहिले. कितीतरी मनोऱ्यांच्या बुडाला शाईने लिहिलेलं होतं: कारागिराचं नाव आणि तारीख.